प्रॉग्नोसिस म्हणजे काय? डॉक्टरांचा अंदाज कसा समजून घ्यावा

‘प्रॉग्नोसिस गार्डेड. नातेवाइकांना समजावून सांगितले.’ रुग्णालयातल्या केसपेपरवर असे वाक्य लिहिलेले असते आणि त्याखाली घरातल्या कुणाची तरी सही असते. सही करणाऱ्याला नंतर विचारले तर बहुतेक वेळा उत्तर मिळते, ‘कंडिशन सिरियस आहे एवढं कळलं.’ गार्डेड म्हणजे नेमके काय, कशाबद्दल आणि पुढच्या किती दिवसांबद्दल, हे विचारायचे राहूनच जाते.

घरातले मोठे निर्णय मात्र याच शब्दावर घेतले जातात. रुग्णाला मोठ्या शहरात हलवायचे का, ऑपरेशनला होकार द्यायचा का, दागिने मोडायचे का, परदेशातल्या मुलाला लगेच बोलावून घ्यायचे का. म्हणून हा शब्द नीट समजून घेऊ या.

शब्दाचा अर्थ

प्रॉग्नोसिस हा शब्द मूळ ग्रीक. ‘प्रो’ म्हणजे आधी आणि ‘ग्नोसिस’ म्हणजे ज्ञान. आजार पुढे कसा वागेल, रुग्ण बरा होईल का, किती बरा होईल, किती काळ लागेल, काय गुंतागुंत होऊ शकते आणि जिवाला धोका किती, याबद्दल डॉक्टरांनी बांधलेला अंदाज म्हणजे प्रॉग्नोसिस. मराठीत त्याला पूर्वानुमान म्हणतात. बोलताना ‘पुढे काय होईल याचा अंदाज’ एवढे म्हटले तरी पुरते.

ही कल्पना फार जुनी आहे. ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथसंग्रहात याच विषयावर एक स्वतंत्र ग्रंथ आहे. आपल्याकडे आयुर्वेदातही उपचारांपूर्वी रोग साध्य की असाध्य हे ठरवण्याला महत्त्व आहे. सहज बरा होणारा तो सुखसाध्य, कष्टाने बरा होणारा तो कृच्छ्रसाध्य. जो पूर्ण जात नाही, पण पथ्य आणि औषधाने आटोक्यात राहतो तो याप्य. ज्यावर इलाज चालत नाही तो असाध्य. आजच्या भाषेत मधुमेह आणि उच्च रक्तदाब हे बहुतेकांच्या बाबतीत याप्य म्हणता येतील.

डायग्नोसिस आणि प्रॉग्नोसिस यांतला फरक

हे दोन शब्द कानाला सारखे लागतात, फोनवर तर हमखास गोंधळ होतो. डायग्नोसिस म्हणजे निदान, आज काय झाले आहे ते. प्रॉग्नोसिस म्हणजे उद्या काय होऊ शकेल ते.

एक उदाहरण घ्या. सकाळी उठल्यावर एखाद्याचा चेहरा एका बाजूला वाकडा दिसतो. कारण बेल्स पाल्सी असेल, म्हणजे चेहऱ्याच्या नसेला सूज आली असेल, तर प्रॉग्नोसिस चांगला असतो. उपचार न घेताही दहापैकी साधारण सात जण पूर्ण बरे होतात आणि पहिल्या ७२ तासांत स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या तर ही शक्यता आणखी वाढते. कारण मेंदूतला पक्षाघात असेल, तर मात्र प्रॉग्नोसिस पूर्ण वेगळा. तिथे मेंदूचा कोणता भाग किती बाधित झाला आणि रुग्ण किती लवकर रुग्णालयात पोहोचला यावर पुढचे सारे अवलंबून असते. लक्षण एकच, निदाने दोन, आणि अंदाजही दोन. म्हणून निदान पक्के होण्याआधी कुणी ठाम भाकीत केले, तर ते फार मनावर घेऊ नका. आणि चेहरा अचानक वाकडा झाला, तर तो कशामुळे हे घरी ठरवत बसू नका. लगेच रुग्णालय गाठा.

तिसरा शब्द रिस्क, म्हणजे जोखीम. जो आजार अजून झालेला नाही तो होण्याची शक्यता म्हणजे जोखीम. तंबाखूमुळे तोंडाच्या कर्करोगाची जोखीम वाढते. कर्करोग झाल्यानंतर त्याचे पुढे काय होईल, हा प्रॉग्नोसिस.

कागदावर दिसणारे शब्द

- गुड किंवा फेव्हरेबल: रुग्ण बरा होईल अशी दाट शक्यता.
- फेअर: बरे होण्याची शक्यता बऱ्यापैकी, पण काही अडचणी येऊ शकतात.
- गार्डेड: आत्ता निश्चित सांगता येत नाही. प्रकृती दोन्हीकडे झुकू शकते, म्हणून डॉक्टर जपून बोलत आहेत.
- पुअर: बरे होण्याची शक्यता कमी.
- ग्रेव्ह: जिवाला मोठा आणि नजीकचा धोका.

या शब्दांना ठरलेले आकडे नाहीत. एका डॉक्टरांचा ‘गार्डेड’ दुसऱ्यांच्या ‘पुअर’च्या जवळचा असू शकतो. म्हणून शब्दावर थांबू नका, ‘म्हणजे नेमकं काय?’ असे विचारा.

सहीबद्दलही थोडे. ‘प्रॉग्नोसिस समजावून सांगितला’ या ओळीखालची सही म्हणजे तुम्हाला माहिती दिली गेली याची नोंद. ऑपरेशनची किंवा उपचार थांबवण्याची ती संमती नाही, त्यासाठी वेगळी चर्चा आणि वेगळी कागदपत्रे असतात. मात्र सही करण्याआधी समजून घेणे हा तुमचा हक्क आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत प्रॉग्नोसिस या नावाचे स्वतंत्र कलमच आहे. त्याचा आशय असा की डॉक्टरांनी आजाराचे गांभीर्य फुगवून सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. रुग्णाच्या आणि कुटुंबाच्या हितासाठी आवश्यक तेवढी माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचली आहे, याची खात्री करावी.

डॉक्टर अंदाज कशावरून बांधतात?

- आजार आणि त्याची अवस्था: पहिल्या टप्प्यातला स्तनाचा कर्करोग आणि हाडांत पसरलेला स्तनाचा कर्करोग यांचे नाव एक, पण वाट वेगळी.
- रुग्णाची मूळ प्रकृती: वय, हृदय, मूत्रपिंडे, यकृत, मधुमेह, पोषण, आणि आजारापूर्वी माणूस किती हिंडता-फिरता होता. स्वतः चालत शौचालयाला जाणारा रुग्ण आणि अंथरुणाला खिळलेला रुग्ण यांच्यात फार फरक पडतो.
- वेळ: पिसाळलेला कुत्रा चावल्यावर जखम लगेच साबण-पाण्याने धुतली आणि लस व गरजेनुसार सीरम वेळेवर घेतले, तर रेबीज जवळपास नक्की टळतो. लक्षणे सुरू झाल्यावर मात्र रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही. चावा तोच, फरक फक्त वेळेचा.
- स्कोअर: अतिदक्षता विभागात ऐकू येणारा ‘जीसीएस’ म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. १९७४ साली ग्लासगोतील दोन डॉक्टरांनी ही पद्धत मांडली. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना गुण देऊन बेरीज करतात. सर्वांत कमी ३, सर्वांत जास्त १५. एकच आकडा पाहून निष्कर्ष काढू नये. झोपेची औषधे दिलेली असतील किंवा घशात नळी असेल, तरीही गुण कमी येतात. आकडा वाढतोय की घटतोय हे जास्त महत्त्वाचे.
- उपचारांना मिळणारी दाद: पहिल्या दिवशीचा अंदाज तिसऱ्या दिवशी बदलतो, तो मुख्यतः यामुळे.

शेवटचा मुद्दा आजाराच्या इतिहासालाही लागू पडतो. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचे निदान म्हणजे एके काळी मोजकी वर्षे हातात, असे समीकरण होते. २००१ साली अमेरिकेत इमॅटिनिब या गोळीला मान्यता मिळाली आणि चित्र पालटले. आज नियमित गोळी घेणारे अनेक रुग्ण जवळपास इतरांइतके आयुष्य जगतात. म्हणून वीस वर्षांपूर्वी शेजारच्या काकांचे काय झाले, यावरून आजच्या रुग्णाचे भविष्य ठरवू नका.

आकडा ऐकल्यावर काय समजायचे?

‘पाच वर्षांचा सर्व्हायव्हल ७० टक्के’ असे कुणी सांगितले, तर अर्थ असा: अशा १०० रुग्णांपैकी निदानानंतर पाच वर्षांनी सुमारे ७० जण हयात होते. रुग्ण पाचच वर्षे जगेल असा त्याचा अर्थ नाही. त्या ७० पैकी कित्येक जण पुढेही वर्षानुवर्षे जगतात. शिवाय हा आकडा निदान किमान पाच वर्षांपूर्वी झालेल्या रुग्णांवरून काढलेला असतो. त्यानंतर आलेल्या उपचारांचा फायदा त्यात धरलेला नसतो.

दुसरा शब्द मीडियन, म्हणजे मध्यक. समजा, एका आजाराचे ११ रुग्ण आहेत आणि ते अनुक्रमे २, ३, ४, ५, ६, ८, १०, १४, २४, ४८ आणि १२० महिने जगले. मधला, म्हणजे सहावा आकडा ८. म्हणून मीडियन ८ महिने. याच अकरा जणांची सरासरी काढली तर २२ महिने येते. आणि प्रत्यक्षात आठ महिने जगलेला माणूस अकरांत एकच आहे. ‘आठ महिने’ ही मुदत नाही. निम्मे त्याआधी गेले, निम्मे त्याहून जास्त जगले, एवढीच माहिती त्यात आहे.

अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गुल्ड यांच्या बाबतीत हेच घडले. १९८२ साली, वयाच्या चाळिशीत, त्यांना पोटातला मेसोथेलिओमा हा दुर्मीळ कर्करोग असल्याचे निदान झाले. वैद्यकीय ग्रंथांत मीडियन आयुष्य आठ महिन्यांचे दिले होते. आकडेशास्त्राची जाण असल्याने त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: जे जास्त जगतात ते किती जगतात, आणि मी त्या गटात बसण्याची शक्यता किती? वय कमी, आजार लवकर सापडलेला, उपचार उत्तम. ते आणखी वीस वर्षे जगले आणि २००२ मध्ये वेगळ्याच कर्करोगाने गेले. प्रत्येक जण गुल्ड यांच्यासारखा जगेल, असे मात्र यातून निघत नाही. ‘यात माझा रुग्ण कुठे बसतो?’ हा त्यांचा प्रश्न मात्र प्रत्येकाने विचारावा.

डॉक्टरांचा अंदाज चुकतो का?

हो, आणि बहुतेक वेळा आशेच्या बाजूला चुकतो. २००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये शिकागोतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ३४३ डॉक्टरांनी आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील ४६८ रुग्णांबद्दल अंदाज दिले. फक्त २० टक्के अंदाज बरोबर निघाले. ६३ टक्के अंदाज गरजेपेक्षा आशावादी होते, १७ टक्के निराशावादी. रुग्ण जितका जुन्या ओळखीचा, तितकी चूक जास्त, असेही दिसले. डॉक्टरही माणूसच आहे. पंधरा वर्षे ज्यांची नाडी पाहिली त्या आजोबांबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही.

यावरून दोन गोष्टी लक्षात ठेवा. महिने आणि दिवस यांची नेमकी संख्या मागू नका, पल्ला विचारा: हा प्रश्न तासांचा-दिवसांचा आहे, दिवसांचा-आठवड्यांचा, आठवड्यांचा-महिन्यांचा, की महिन्यांचा-वर्षांचा? आणि कुटुंबाच्या डॉक्टरांसोबत, रुग्णाला प्रथमच पाहणाऱ्या तज्ज्ञांचेही मत घ्या.

‘पुढचे ७२ तास महत्त्वाचे’ याचा अर्थ

हे वाक्य वेळ मारून नेण्यासाठी म्हणतात असे अनेकांना वाटते. पण बऱ्याच आजारांत धोक्याची खिडकी खरोखरच ठरलेली असते.

- मोठ्या पक्षाघातात मेंदूची सूज साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान वाढते. पहिल्या दिवशी बोलणारा रुग्ण नंतर गुंगीत जाऊ शकतो.
- डेंगीत ताप उतरण्याच्या सुमाराचे २४ ते ४८ तास सर्वांत जोखमीचे. ताप गेला म्हणून घरी जाण्याची घाई इथे अंगाशी येते.
- पिकावर फवारायचे काही प्रकारचे कीटकनाशक पोटात गेल्यास, सुरुवातीला सुधारलेल्या रुग्णाचे श्वासाचे स्नायू एक ते चार दिवसांनी दुबळे पडू शकतात.
- हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेला रुग्ण शुद्धीवर नसेल, तर मेंदूबद्दलचा अंदाज बांधायला किमान ७२ तास थांबावे असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

म्हणून डॉक्टरांना विचारा, ‘या ७२ तासांत तुम्ही नेमकं काय बघणार आहात? काय झालं तर चांगलं समजायचं, काय झालं तर वाईट?’

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

भेटीची वेळ ठरवून घ्या, घरातल्या एक-दोन जणांनीच बोला आणि उत्तरे वहीत तारखेसह लिहा. रोज वेगवेगळ्या नातेवाइकाने जाऊन विचारले की प्रत्येक जण वेगळे ऐकून येतो, आणि भांडणे तिथून सुरू होतात.

1. निदान पक्के आहे का? की अजून तपासण्या बाकी आहेत?
2. हा अंदाज कशाबद्दल आहे? जीव वाचण्याबद्दल, की पुन्हा चालणे-बोलणे जमण्याबद्दल?
3. सगळे चांगले घडले तर काय होईल? सगळे वाईट घडले तर? आणि सर्वांत जास्त शक्यता कशाची?
4. हा उपचार केला तर काय फरक पडेल? नाही केला तर?
5. वाचल्यानंतर रुग्णाचे रोजचे आयुष्य कसे असेल? घरी किती आधार लागेल?
6. अंदाज पुन्हा कधी तपासून पाहायचा?

दुसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा. ‘वाचतील’ हे उत्तर ऐकून घरचे सुटकेचा निःश्वास सोडतात. रुग्ण वाचेल, पण कायम अंथरुणाला खिळून राहील, ही शक्यता डॉक्टरांच्या मनात असते. ती कुणी विचारलेलीच नसते.

रुग्णाला सांगायचे का?

‘बाबांना सांगू नका, ते खचतील.’ ही विनंती प्रेमापोटीच येते. पण घरातली कुजबुज, पाहुण्यांची अचानक वाढलेली ये-जा आणि बदललेली औषधे यांवरून रुग्णाला बरेच कळलेले असते. मग तो एकटाच भितो आणि घरचेही वेगवेगळे भितात. शुद्धीत असलेल्या प्रौढ रुग्णाला स्वतःच्या आजाराची माहिती मिळण्याचा पहिला हक्क आहे. सगळे एकदम सांगायला हवे असे नाही. ‘तुम्हाला आजाराबद्दल किती जाणून घ्यायला आवडेल?’ असे त्यालाच विचारावे. काहींना सगळे हवे असते, काही म्हणतात, ‘ते मुलाशी बोला.’ दोन्ही उत्तरांचा मान ठेवावा.

प्रॉग्नोसिस वाईट असेल तर

‘आता काही करण्यासारखं नाही’ हे वाक्य जवळपास कधीच खरे नसते. आजार बरा होणार नसला तरी वेदना, धाप, उलट्या, झोप न लागणे यांवर चांगले उपचार आहेत. या सेवेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. ती अखेरच्या आठवड्यासाठी राखून ठेवू नका. गंभीर आजाराचे निदान झाल्यापासूनच इतर उपचारांसोबत ती घेता येते.

अंदाज वेळेत कळला तर रुग्णाला स्वतःचे निर्णय स्वतः घेता येतात. व्हेंटिलेटर हवा की नको, शेवटचे दिवस घरी काढायचे का, बँकेची आणि जमिनीची कागदपत्रे कुठे आहेत, कुणाला भेटायचे आहे. पुढे बरे होण्याची आशा नसताना कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली. २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून तो कागद साक्षांकित करता येतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रॉग्नोसिस चांगला आहे म्हटल्यावर औषधे सोडली तर चालेल का?
नाही. चांगला अंदाज उपचार पूर्ण होतील हे धरूनच दिलेला असतो. औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगात सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण करणारे बहुतेक रुग्ण बरे होतात. दोन महिन्यांत खोकला थांबला म्हणून गोळ्या सोडल्या, तर तो अंदाज लागू राहत नाही.

‘ब्रेन डेड’ हा वाईट प्रॉग्नोसिस आहे का?
नाही, ते निदान आहे. कोमातल्या रुग्णाबद्दल अंदाज बांधावा लागतो, काही जण शुद्धीवर येतातही. मेंदूमृत्यू मात्र ठरलेल्या चाचण्यांनी निश्चित केला जातो. आपल्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ या चाचण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करते. मेंदूमृत्यूनंतर माणूस परत येत नाही.

इंटरनेटवर शोधलेला आकडा धरावा का?
तो वाचायला हरकत नाही, पण मनात घेऊन एकटे बसू नका. छापून डॉक्टरांकडे न्या आणि विचारा, ‘हा आकडा कोणत्या रुग्णांचा आहे, आणि आमच्या रुग्णाला तो किती लागू पडतो?’

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या रुग्णाचा अंदाज त्याला प्रत्यक्ष तपासणारे डॉक्टरच सांगू शकतात. पुढच्या भेटीला जाताना वरचे सहा प्रश्न सोबत न्या.*